दोन ठोके म्हणजे फिरव

१

थंड इंजिनचा आवाज दिवसातून एकदाच मिळतो. गाडी रात्रभर उभी हवी, तेल सगळं खाली उतरलेलं हवं, आणि सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवताना तुमचा कान जागा हवा. ते दोन-तीन सेकंद हुकले की बसा दुसऱ्या दिवसापर्यंत बोंबलत. म्हणून चेनच्या आवाजाची तक्रार असली की मी मालकाला सांगते, गाडी आदल्या संध्याकाळी सोडून जा आणि सकाळी मला फोन करू नका.

मिहिर सरांनी गाडी सोडली, पण सकाळी आठच्या आत तीन फोन केले. माणूस बोरिवलीचा, विम्याच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. कॉलेजात असताना ज्या गाडीचं पोस्टर भिंतीवर लावलं होतं, ती त्याने पंचेचाळिसाव्या वर्षी विकत घेतली. सेकंडहँड कसली, सहावा-सातवा मालक असेल हा. परदेशी, दोन सीटची, बुटकी, लालभडक, पंचवीस वर्षांची. बायको गंधाली आठवडाभर बोलत नव्हती म्हणे. मला विचाराल तर गाडी झकास होती. मी असते तर नवऱ्याशी महिनाभर बोलले नसते आणि गाडी रोज चालवली असती.

आमचा गाळा मुलुंडला, औद्योगिक वसाहतीत. मी दीप्ती, आणि माझा धाकटा भाऊ विशाल, दोघं मिळून चालवतो. वडील आता घाटकोपरला घरीच असतात. पण वसाहतीत अजूनही गाळ्याची ओळख 'दादू मेस्त्रीचं गॅरेज' अशीच आहे.

"दे स्टार्टर," मी विशालला म्हटलं आणि बॉनेटखाली डोकं घातलं.

टायमिंग चेन म्हणजे सायकलच्या चेनची थोरली बहीण. खालच्या क्रँकचं, इंजिनच्या मुख्य दांड्याचं, फिरणं ती वर झडपा उघडणाऱ्या कॅमपर्यंत पोचवते. ढिली पडली की पुढच्या कव्हरच्या आत फडफडते, आणि तुटली की इंजिनची वाट लागली. इंजिन धडधडलं. पहिले दोन सेकंद खर्रर्र असा आवाज आला आणि तेल वर चढताच बंद झाला. म्हणजे टेन्शनर, चेन ताणून धरणारा भाग. पुस्तकातलं उत्तर. मी जरा हिरमुसलेच.

आणि मग दुसरा आवाज आला. टक टक. थोडी शांतता. टक टक.

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. वीस वर्षांत मी शेकडो चेन ऐकल्यात. हा आवाज नवीन होता.

"बघ रे," मी विशालला म्हटलं, "इंजिनच तुला ऑर्डर देतंय."

हे आमचं घरचं. शेजारच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन आहे, ते चालू असताना गाडीखालच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाला वरचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून पप्पांनी पाना ठोकायची रीत पाडली. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे फिरव, खालून पान्याने क्रँक फिरव. तीन ठोके म्हणजे हात आत आहे, कशालाही हात लावू नको. बोलायला शिकायच्या आधी आम्ही भावंडं हे शिकलो असू.

विशाल हसला नाही. त्याने इंजिन बंद केलं.

२

मी मात्र पेटले होते. पुढचे दोन तास मी दुसरं कुठलंही काम हातात घेतलं नाही. एक गिऱ्हाईक क्लच दाखवायला आला होता, त्याला सरळ उद्या ये म्हटलं.

आधी बाहेरचे पट्टे उतरवले, म्हणजे पंपाचा किंवा डायनॅमोचा संशय नको. इंजिन क्षणभर चालवलं. टक टक. इंधन फवारणारे इंजेक्टर ऐकले, त्यांची टिकटिक वेगळी. मग पप्पांचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. माझ्याकडे महागातलं यंत्रही आहे, पण हाड खोटं बोलत नाही असं पप्पा म्हणायचे आणि ते खरंच आहे. सरकवत सरकवत जागा सापडली. पुढच्या कव्हरवर, खाली, डाव्या अंगाला, रुपयाच्या नाण्याएवढी.

"रेस दे."

विशालने रेस दिली. इंजिन तिप्पट वेगाने किंचाळायला लागलं, आणि ठोके होते तसेच राहिले. संथ. दोन, शांतता, दोन.

आता हे होऊच शकत नाही. चेन इंजिनला बांधलेली आहे. इंजिन पळालं की चेन पळते, चेन पळाली की तिचा आवाज पळतो. मी फोनवर घड्याळ लावून मोजलं. एका मिनिटात अकरा जोड्या. रेस देऊन, अकरा. रेस सोडून, अकरा. मग म्हटलं, आवाज दुसरीकडचा असेल आणि धातूतून इथे येत असेल. एखादा रिले म्हणजे विजेचा खटका, सायलेन्सरचा ढिला पत्रा. रिले काढून पाहिले, पत्रा हाताने दाबून धरला. अकरा.

"ताई, मला हा आवाज आवडत नाहीये," विशाल म्हणाला.

"तुला कुठला आवाज आवडतो रे? तुझं नावच फिरवू विशाल."

हे मी बोलायला नको होतं. पण वसाहतीत सगळेच बोलतात. कारण विशाल ठोक्यांवर क्रँक फिरवत नाही. दोन ठोके ऐकले तरी खालून ओरडून विचारतो, "फिरवू?" आणि वरून तोंडाने "फिरव" आल्याशिवाय पाना हलवत नाही. त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. बावीस वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना, त्याने पप्पांचा हात आत असताना क्रँक फिरवला होता. पप्पांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं तेव्हा अर्धी गेली. मी तेव्हा सांगलीला डिप्लोमा करत होते. विशाल शेवटपर्यंत म्हणत राहिला की मी दोन ठोके ऐकले. पप्पा म्हणाले, मी ठोकलंच नाही. ज्याची बोटं गेली त्याचं खरं मानायचं, दुसरं काय? मीही मानलं. त्यानंतर घाटकोपरच्या साऱ्या मेस्त्री लोकांत एक म्हण झाली, विशाल खाली असताना हात वर ठेवा. त्याला कुणी कामाला घेईना. आठ वर्षं तो नुसता गाड्या धूत होता.

मी आवाज रेकॉर्ड करून पप्पांना पाठवला. पप्पांना आता कमी ऐकू येतं, पण फोन कानामागच्या हाडाला लावून ते अजूनही इंजिन ओळखतात. मला वाटलं, खूश होतील.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. तीनच शब्द. "गाडी परत दे."

मी फोन लावला. "पप्पा, का?"

"सांगितलं ना." आणि त्यांनी फोन ठेवला.

पप्पांनी जन्मात कुठली गाडी परत पाठवली नाही. मानखुर्दच्या खाडीत बुडालेली टॅक्सी त्यांनी सुरू करून दाखवली होती. मला राग आला, आणि खरं सांगते, उत्सुकता दुप्पट झाली.

३

दुपारी विशाल जेवायला गेला आणि पत्र्याचं मशीन थांबलं. गाळा असा शांत क्वचितच असतो. मी डबा उघडला, पहिला घास घेतला.

टक टक.

इंजिन बंद होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

गरम लोखंड थंड होताना टिकटिक करतं, हे कुणालाही माहीत आहे. मी उठून कव्हरवर हात ठेवला. गारेगार. मग म्हटलं, तेल. वरून थेंब गळत असतील, दोन जागांहून, म्हणून जोडी. हा विचार इतका छान होता की मी एकटीच हसले. ज्या चेनला इंजिनचा वेग कळत नाही ती चेन नव्हेच, तो थेंब! जेवण टाकून मी पुन्हा स्क्रूड्रायव्हर कानाला लावला.

तेलाचा थेंब पडतो तेव्हा आवाज मऊ येतो. हा मऊ नव्हता. कुणीतरी कठीण, लहान वस्तूने आतून ठोकत होतं.

आमच्या घरात भूत-पिशाच्च हा विषयच नाही. गाळ्यात बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि शटरला लिंबू-मिरची कधी लागलेली नाही. गिऱ्हाइकाच्या बंपरला लटकवलेली दिसली की पप्पा ती काढून हातात द्यायचे. "इंजिन तेलावर चालतं, लिंबावर नाही," म्हणायचे. कितीतरी लोकांना त्यांनी असं शहाणं केलं. मीही त्यांचीच पोर. म्हणून मी जे केलं ते निव्वळ तपासणी म्हणून केलं.

मी पाना घेतला आणि कव्हरवर एकदा ठोकलं. एक. थांब.

थांबलं.

मी श्वास रोखून उभी राहिले. एक मिनिट, दोन, पाच. एकही ठोका नाही. माझं काळीज एवढ्या जोरात उडत होतं की मला वाटलं तोच आवाज स्क्रूड्रायव्हरमधून येतोय. मला भीती वाटायला हवी होती. मला नाचावंसं वाटत होतं. शेवटी मी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि डब्याकडे वळले.

टक टक.

योगायोग, मी मोठ्याने म्हटलं. विशाल परत आला तेव्हा मी भात गार झाला म्हणून कुरकुर करत होते. त्याला काहीच सांगितलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी मी मिहिर सरांना विचारून कव्हर उघडलं. "उघडा, उघडा! आणि मला व्हिडिओ पाठवा!" ते ऑफिसच्या मीटिंगमधून ओरडले.

आत सगळं ठणठणीत. चेन मापात. तिला घासून जाऊ न देणारे गाइड साबूत. टेन्शनर ढिला पडला होता, त्यावरून सकाळची खरखर समजली. ठोक्यांचं कारण मात्र कुठे दिसेना. मी टॉर्च मारून खालचं दातेरी चाक पुसलं आणि थांबले.

चाकावर पंचने, टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने, मारलेले तीन ठिपके होते. त्रिकोणात.

प्रत्येक मेस्त्री चेन उतरवण्याआधी खूण करतो. कुणी रंग लावतं, कुणी नेलपॉलिश. पंचने तीन ठिपके त्रिकोणात मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय.

"विशाल, हे पप्पांनी उघडलंय कधीतरी."

विशालने वाकून पाहिलं. मग दरवाजा उघडला आणि बिजागरीच्या आतला लाल रंग नखाने खरवडला. खाली चंदेरी निघाला.

तो टायरवर बसला.

"चंदेरी होती ताई. तेव्हा नवीन होती. हीच आहे."

"ही म्हणजे?"

"ज्यात पप्पांची बोटं गेली ती."

मग तो बोलत सुटला. बावीस वर्षांत मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मी खड्ड्यात होतो, म्हणाला, पप्पा वर. मला त्यांचा हात दिसत नव्हता. दोन ठोके आले, ताई, स्वच्छ दोन. मी फिरवलं. मग वरून पप्पांची किंकाळी आणि तीन ठोके. उशिरा. नंतर सगळं तेल गाळून पाहिलं आम्ही, चेन उतरवून पाहिली. बोटांचे तुकडे सापडलेच नाहीत. डॉक्टर म्हणत होता, आणलेत तर जोडून बघू. नाही सापडले.

मी उभ्या उभ्या ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट ढोल वाजवत होती. विशालने तेव्हा जे ऐकलं ते मी काल ऐकलं होतं. हे इंजिन आपणहून दोन ठोके देतं. म्हणजे पोरगा खरं बोलत होता. ते ठोके कुठून येतात एवढं मला दाखवता आलं, एखादी ढिली पिन, एखादी स्प्रिंग, काहीही, तर त्याच्या नावावरचा डाग पुसला जाईल. बावीस वर्षांनी पुरावा माझ्या खड्ड्यावर उभा होता!

"ऊठ," मी म्हटलं. "खाली उतर. आज सापडवायचं."

"हात घालू नको त्यात."

"न घालता कसं सापडणार? थोडं फिरवायचं, थांबायचं, मी चाचपणार. पुन्हा थोडं फिरवायचं. नेहमीचंच तर आहे."

त्याने पाना उचलला. "मी दर वेळी विचारणार. वैतागायचं नाही."

"विचार बाबा."

५

शेजारचं मशीन सुरू झालं होतं. विशाल खाली, पाना क्रँकच्या बोल्टवर. मी वर, उजवा हात मोकळा, डाव्या हातात दांडीवरचा छोटा गोल आरसा. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसाच, फक्त याला दिवा आहे. जिथे डोळा पोचत नाही तिथे आरसा जातो.

हात बाहेर काढायचा, दोन ठोके द्यायचे. खालून आरोळी, "फिरवू?" मी ओरडायचं, "फिरव." चेन इंचभर सरकायची. एक ठोका. हात आत. चार-पाच वेळा असं झालं आणि खरं सांगते, मी वैतागलेच. ठोके ऐकू येतात ना? मग विचारायचं कशाला? काम दुप्पट लांबत होतं. एकदा तर मी म्हटलंही, "अरे, पुरे आता!" त्याने पुढच्या वेळी पुन्हा विचारलंच.

सहाव्या वेळी बोटं खालच्या गाइडच्या मागे पोचली. हीच ती नाण्याएवढी जागा. चेन आणि चाक यांच्या मधोमध माझी चार बोटं होती, अंगठा बाहेर. तिथे काहीच ढिलं लागेना. मी आरसा आत सरकवला.

आरशात माझी बोटं दिसली. तेलाने काळी, ओळीने टेकलेली. एक, दोन, तीन, चार. तिथे ओळ संपायला हवी होती. ती संपली नव्हती.

आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, एक वस्तू दोनदा दिसू शकते, हे मला माहीत आहे. मी माझी बोटं हलवली. चार हलली. बाकीची तशीच राहिली. मी पुन्हा मोजली, सावकाश, पाने मोजतात तशी.

मग सगळ्यात पलीकडचं एक हललं. जरासं वर झालं आणि नखाने इंजिनवर ठोकलं. टक टक. ते माझ्या तळव्याला जाणवलं.

"फिरवू?" खालून विशाल.

माझं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. हात ओढून घ्यायला हवा होता, तोही निघेना. अडकला नव्हता. नुसता ऐकत नव्हता. डाव्या हातात आरसा होता, तो टाकून पाना घ्यायचं मला सुचलंच नाही.

टक टक.

"ताई, फिरवू?"

त्या एका प्रश्नाला आम्ही सगळे इतकी वर्षं हसलो होतो. वसाहतीतला प्रत्येक माणूस, मी, पप्पा. आत्ता माझी चार बोटं त्या प्रश्नावर टिकून होती. पत्र्याचं मशीन किंचाळत होतं आणि मी देवाचं नाव न घेणारी बाई मनात म्हणत होते, विचार, आणखी एकदा विचार.

टक टक.

"नको!" शेवटी फुटला आवाज. "नको फिरवू!"

हात सुटला. मी मागे पडले ती थेट कपाटावर. मान वळवली तर विशाल खड्ड्यातून वर येऊन माझ्या शेजारीच उभा होता, दोन्ही पंजे मोकळे, छातीपाशी धरलेले.

"पाना बाजूला ठेवला मी," तो म्हणाला. "पहिल्या ठोक्यालाच. तुझा खांदा दिसत होता, तू ठोकलं नव्हतंस."

मी माझी बोटं मोजली. पाच. मग परत मोजली.

"तुला ऐकू आले?" त्याने विचारलं.

"आले."

"दोन?"

"दोनच." आणि मग मी म्हटलं, "विशाल, आरशात सात बोटं होती."

सातचं त्याला काहीच वाटलं नाही. तो खाली बसला आणि रडायला लागला. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, हमसून हमसून. मीही रडले. इतका आनंद आणि इतकी भीती मला एकदम कधीच झाली नव्हती.

६

पप्पा रिक्षाने आले. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "ठिपके सापडले." ते गाडीपासून दहा हात लांब, शटरपाशी थांबले. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"हात घातलास?"

"घातला."

"कितीदा ठोकलं?"

"तीनदा. दोन-दोन."

त्यांनी मान हलवली. विशालकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत बोलले. "मीपण ऐकले होते. तेव्हा. आरशातही पाहिलं."



"जन्मभर लोकांच्या गाडीची लिंबं काढली मी," पप्पा म्हणाले. "चारचौघांत हसलो त्यांना. मग मी काय सांगणार होतो? इंजिनने ठोकलं म्हणून? पोरगं चुकलं म्हणणं सोपं होतं."

"कुणाला सोपं होतं, पप्पा?" विशालने विचारलं.

त्याने आवाज चढवला नव्हता. पप्पांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत लावलं. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांची कीवही येत होती, दोन्ही खरं.

मग ते माझ्याकडे वळले. "मला पाच दिसली होती. माझी चार, आणि पलीकडे एक. तुला किती दिसली?"

मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मधली दोन बोटं, अर्ध्यावर संपलेली.

"पाच," मी म्हटलं.

विशालने चटकन माझ्याकडे बघितलं. मग तो उठला आणि पप्पांना पाणी आणायला गेला.

७

मी नवीन टेन्शनर बसवला, पकडीने धरून, एकही बोट आत न घालता. कव्हर बंद केलं. मिहिर सरांना म्हटलं, सकाळची खरखर गेली, पण इंजिन बदला किंवा गाडी शोसाठी ठेवा, आतल्या ठोक्याचं मला काही कळत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. ते बिचारे खट्टू झाले. पण तासाभरातच पुन्हा उत्साहाने फोन आला, अंधेरीचा चंद्रप्रकाश मेस्त्री म्हणतोय, दोन दिवसांत शोधून देतो! मी चंद्रप्रकाशला फोन केला. सगळं सांगितलं. तो प्रेमाने हसला. "क्या दीप्ती मॅडम, तुम भी? दादू मेस्त्री की बेटी होके?"

गाडी न्यायला उचलगाडी आली तेव्हा विशालने बॉनेट उघडलं आणि आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाच्या पेनाने ठळक लिहिलं, हिंदीत आणि मराठीत. कव्हरच्या आत हात घालू नका. ठोक्यांवर फिरवू नका, तोंडाने विचारा.

"खाली माझं नाव घाल," पप्पा म्हणाले.

विशालने लिहिलं, दादू मेस्त्री, घाटकोपर. पप्पांनी त्याच्या हातातून पेन घेतलं. अर्ध्या बोटांनी त्यांना नीट धरता येत नाही, अक्षर वाकडंतिकडं येतं. त्यांनी वेळ घेऊन आणखी एक ओळ घातली. विशालने बरोबर ऐकलं होतं. चंद्रप्रकाशला त्यातून काय कळणार? पण ती ओळ विशालने दोनदा वाचली आणि बॉनेट अगदी हळू बंद केलं.

गाडी वर चढली, पट्टे आवळले गेले. किल्ली मिहिर सरांच्या खिशात, ते पुढे ड्रायव्हरशेजारी, मुलासारखे खुशीत हात हलवत. उचलगाडी अजून जागची हलली नव्हती. पत्र्याचं मशीन नेमकं तेव्हाच थांबलं.

टक टक टक.

आम्ही तिघांनी माना वळवल्या. पप्पांनीसुद्धा. तीन ठोके म्हणजे हात आत आहे. गाडीजवळ कुणीही नव्हतं. मी वेड्यासारखी कुणाचा हात, कुणाचा हात, असं बघत राहिले.

मग थोडी शांतता, आणि आणखी ठोके. तीन ठोक्यांच्या मागोमाग हे ठोके आमच्या गॅरेजात कुणी कधीच दिलेले नाहीत, देणारच नाही.

टक टक.

पप्पांनी उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला. उचलगाडी अंधेरीच्या रस्त्याला लागली.